मधलीच्या हातानं

एका उखळात तीन मुसळं पडतात तेव्हा डोळ्याची पापणी लवेपर्यंतची चूक झाली तरी मनगटाला ठणका बसतो. म्हणून आमच्या हाळवाडीत हळदीचा घाणा भरताना गाणं लागतंच. आजऱ्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतलं गाव. इथं जन्माला आलेली बाई चालायच्या आधी ताल धरते असं आम्ही म्हणतो, आणि त्यात फार खोटं नाही. पिढ्यान् पिढ्या मुसळं पडत आली, कधी एकमेकांवर आदळली नाहीत. दोन हजार एक्केचाळीसच्या वैशाखात, सुताराच्या पोरीच्या हळदीला, ती आदळली.

एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या खेपेला सगळ्या हसल्या. दुसऱ्या खेपेला सुगंधा होडगेनं गाणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून धरलं. सुगंधा म्हणजे गावची म्हणणारी. लग्न असो, रोपलावण असो, पहिली ओळ तिच्या तोंडून निघायची आणि बाकीच्यांनी मागून झील धरायची. तिसऱ्या खेपेला तिच्या नणंदेचं, मालनचं मुसळ शेजारणीच्या मुसळावर असं बसलं की दोघींची बोटं झिणझिणली.

"वय झालं म्हणायचं आता," मालन हात झटकत म्हणाली.

"वन्सं, वय तुमचं झालं आसंल. गाण्याचं कुठं हुतंय?" सुगंधा म्हणाली. सगळ्या पुन्हा हसल्या, पण तिला स्वतःला हसू आलं नाही. मालनचा हात पुढं पळत होता, दुसरीचा मागं ओढत होता, तिसरीचा आणखीच कुठंतरी. गाणं एक आणि ताल तीन. मग गडहिंग्लजहून आलेल्या एका पाहुणीनं मुसळ घेतलं. तिला गाण्याचा एक शब्द येत नव्हता, तरी तिचा घाव सुगंधाच्या आवाजावर बरोब्बर पडत होता. ज्यांचे चुकत होते त्या तिघी, सुगंधासारख्याच, काजूच्या कारखान्यात कामाला होत्या. ही गोष्ट सुगंधाला टोचली आणि टोचतच राहिली.

कारखाना गावाबाहेरच्या माळावर. बी फोडायची किती यंत्रं आली आणि गेली. बी फुटते, पण आतला गर अख्खा निघत नाही, आणि गिऱ्हाइकाला तर अख्खाच पाहिजे. म्हणून अजून बायकांची बोटं लागतात. शेडमध्ये लाकडी फळ्यांची जमीन आणि चाळीस जागा. पायानं पट्टी दाबायची, हातानं दांडा ओढायचा, दोन पात्यांमध्ये बी फुटली की गर काढून घ्यायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला एरंडेल चोळायचं. वर हवेचे पंप दिवसभर घोंघावत असतात, तेव्हा सगळ्यांच्या कानांवर जाड टोप्या. कानटोप्या आल्या आणि शेडमधलं गाणं बंद पडलं. शेजारणीचंच काही ऐकू येईना तर झील कोण धरणार?

त्या आधी बायका रोपलावणीचंच गाणं शेडमध्ये म्हणत.

हिरवं रोप हाती गं,
गुडघाभर माती गं,
मधलीच्या हातानं
चालू द्यात पाती गं…

या गाण्याची एक रीत होती. लावणीला पंधरावीस बायका ओळीनं, म्हणजे पातीनं, उभ्या राहिल्या की सगळ्यात हळू हाताची बाई मधे उभी करायची. म्हातारी असेल, पोटुशी असेल, तापातून उठलेली असेल, जी असेल ती. म्हणणारीनं आपल्या गळ्याकडं लक्ष द्यायचं नाही, त्या मधलीच्या हाताकडं बघायचं आणि तिच्या हातानं गाणं चालवायचं. चौथी ओळ संपली की विसावा. एक पुरता श्वास. तेवढ्यात कंबर सरळ करायची, रोपांची नवी मूठ घ्यायची. सुगंधाच्या सासूनं तिला गाणं शिकवलं त्याच्या आधी विसावा शिकवला होता. "गाणं कुनीबी म्हनंल, थांबायचं कुठं ते म्हननारीला कळाय पायजे," असं ती म्हणायची.

मग दोन वर्षांपूर्वी सुगंधाची मुलगी रिद्धी पुण्याहून ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेऊन परत आली आणि 'लयसाथ' नावाच्या कंपनीत लागली. ही कंपनी कारखान्यांना कानटोप्यांतलं गाणं पुरवायची. पोरीला आईचा केवढा अभिमान. तिनं घरातल्या जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा भिंतीला टांगून आवाज घुमणार नाही अशी खोली केली, आईला मधे बसवलं आणि गाणं मुद्रित केलं. पंधरा दिवसांत ते चाळीस जणींच्या कानात वाजायला लागलं.

"तुमचा हात जसा चालेल तसं गाणं चालेल," तिनं शेडमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं. "दांड्याला एक छोटं यंत्र लावलंय. त्याला हात कळतो."

बायका खूश. आपलं गाणं, आपल्या सुगंधाचा आवाज. हात भराभर चालायला लागले, दिवस पटकन सरायला लागला. मालन तर आधीच कारखान्यातली सगळ्यात चपळ बाई. तिच्या पाटीत गराचा ढीग बघून साहेबांनी तिचा फोटो फाटकापाशी लावला होता, आणि ती येता-जाता त्याच्याकडं बघितल्यासारखं न करता बघायची.

हळदीनंतरच्या मंगळवारी, अकराच्या सुमाराला, मालनचं बोट पात्यात गेलं.

किंकाळी कुणाला ऐकू आली नाही. चाळीस जणींच्या कानांत सुगंधा गात होती. पात्यावरचं लाल सुगंधाला दिसलं तेव्हा ती धावली. उजव्या तर्जनीचं पेर गेलं होतं. ड्रायव्हर, गाडी, दवाखाना, सगळी धावाधाव झाली, आणि मालनला नेल्यावर तिच्या जागी फक्त पाटी उरली आणि खाली पडलेली कानटोपी. ती अजून वाजत होती.

सुगंधानं आपली काढली आणि मालनची डोक्यावर चढवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आवाज तिचाच होता. ना बारीक झाला होता, ना चिरका; सूर तोच. गेली दोन वर्षं ती आपल्या टोपीत आपल्याच आवाजाबरोबर ओठ हलवत आली होती, नुसतेच ओठ; आज मात्र ती मोठ्यानं म्हणायला लागली. पहिलं कडवं निभलं, दुसऱ्याला छाती भरून आली. चौथी ओळ संपली, ती श्वास घ्यायला गेली आणि कानातली सुगंधा पुढच्या ओळीत शिरलीसुद्धा. तिनं धावत ती ओळ गाठली, पुढची गाठली, आणि तिसऱ्या कडव्याला तोंड उघडं तसंच राहिलं. अंगात वाराच शिल्लक नव्हता.

आपल्याच गाण्यात आपल्यालाच श्वास घ्यायला जागा नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. आणि दुसरंही कळलं. मालननं दांड्याखालून हात मागं घ्यायचा तो याच जागी, आणि ती जागाच उरली नव्हती.

ती टोपी तिनं पदराखाली घालून घरी आणली.

संध्याकाळी रिद्धी आली तेव्हा सुगंधा भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं टोपी पुढं सरकवली.

"ऐक," ती म्हणाली.

रिद्धीनं ऐकलं आणि काढून ठेवली. "आत्तीची आहे का?"

"कुनाची हाय ते इचारू नको. माझं गाणं कुनी पळीवलंय ते सांग."

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं पुरुषासारखं बोलतात, पण राग आला की आवाज अगदी बारीक करतात. सुगंधाचा आवाज बारीक झाला होता. रिद्धी खाली बसली.

"आई, पूर्वी टेप असायची ना, ती जोरात फिरवली की माणूस उंदरासारखा बोलायचा. कारण आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. टेप पळवली की थरथरही पळते, आणि सूर चढतो. आता तसं करत नाहीत." तिनं आजूबाजूला बघितलं आणि भिंतीकडेची वाकळ ओढून घेतली. "ही बघ. समज, गाणं म्हणजे ही वाकळ. आम्ही तिचे बारीक बारीक तुकडे करतो, एका सेकंदाचे तीसचाळीस. मग एकाची कड दुसऱ्यावर जास्त चढवून पुन्हा शिवतो. वाकळ आखूड होते, पण प्रत्येक तुकड्यावरचं फूल आहे तेवढंच राहतं. सूर म्हणजे ते फूल. तो बदलत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला काही कळत नाही."

"आन् हात?"

रिद्धी वाकळेची घडी घालायला लागली.

"हात, रिद्धी."

"माणसाच्या डोक्यात ताल ऐकणारी जागा आणि हात हलवणारी जागा एकमेकींशी बांधलेल्या आहेत. ताल ऐकला की हात आपोआप त्याच्यावर पडतो, ठरवावं लागत नाही. लयसाथ आधी तुमच्या हाताच्या मागं जाते. हात बसला की केसभर पुढं होते. दिवसाला अर्धा टक्का, कधी तेवढाही नाही. हात तिला गाठतो. मग ती आणखी केसभर पुढं होते."

"परत्येकीची येगळी?"

"प्रत्येकीची वेगळी. जिचा हात चपळ, तिची जास्त."

सुगंधाच्या डोळ्यांपुढं ते उखळ आलं आणि त्यातली तीन मुसळं. म्हणजे वय नव्हतं झालं. चाळीस बायका एकाच छपराखाली एकच गाणं ऐकत बसत होत्या आणि दोघींचं गाणं एक नव्हतं. भाकरी तव्यावर करपली. तिनं ती काढली नाही.

"आन् विसावा कुठं गेला?"

"कसला विसावा?"

"चौथ्या वळीनंतर. माझा श्वास."

रिद्धीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिनं हळू आवाजात सांगितलं की तो लयसाथनं नाही काढला. तो तिनंच काढला, पहिल्या दिवशीच. मुद्रण झालं की गाणाऱ्याच्या श्वासाचा आवाज पुसून टाकायचा आणि मोकळ्या जागा आवळून घ्यायच्या, असंच तिला शिकवलं होतं. सगळेच करतात. गाणं स्वच्छ होतं.

"मला वाटलं, तू दमतेस म्हणून थांबतेस," ती म्हणाली. "मला वाटलं, आईचं गाणं चांगलं दिसावं."

"एवडी शिकलीस," सुगंधा म्हणाली, "आन् आज्जीकडं बसून चार कडवी ऐकली न्हाईस." मग ती जे बोलली ते बोलायला नको होतं, पण बोलली. "आत्तीचं बोट तू कापलंस, पोरी. माझ्या गळ्यानं कापलंस."

रिद्धी रडली. सुगंधानं तिला जवळ घेतलं नाही. त्या घरात त्या दिवशी करपलेली भाकरी तशीच पडून राहिली आणि दोघी उपाशी झोपल्या.

पुढच्या आठवड्यात इंगवले साहेबांनी सुगंधाला केबिनमध्ये बोलावलं. कारखान्याचे मॅनेजर इंगवले वाईट माणूस नव्हता. बायकांशी अदबीनं बोलायचा, दिवाळीला प्रत्येकीच्या दारी जाऊन यायचा. वरून आकडे यायचे आणि ते खाली पोचवायचे, एवढंच त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा. टेबलावर मालनच्या अपघाताचा कागद होता. कारणाच्या रकान्यात 'कामगाराची हयगय' असं लिहिलं होतं. सुगंधाला तो समोरून, उलटा असूनही वाचता आला.

"सुगंधाताई, गाणं जुनं झालंय. कान निबर झालेत बायकांचे. हात पूर्वीसारखे ओढले जात नाहीत. एक नवं म्हणा."

"मशीनचा आवाज लावा की."

"लावून बघितला. तसा चालत नाही. ओळखीच्या माणसाचाच आवाज लागतो, त्याच्यामागंच हात जातो." तो हसला. "तुमच्यावर जीव आहे त्यांचा."

तिला वाटलं टेबल पालथं करावं. ती नुसती म्हणाली, "मी न्हाई म्हनलो तर?"

"तर मालनबाईंच्या सुनेला विचारू. तिचाही गळा गोड आहे म्हणतात. अठरावं संपलंय नुकतंच, हौस आहे तिला."

सुगंधा घरी आली ती तडक मालनकडं गेली. मालन ओसरीवर बसली होती, बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून, आणि डाव्या हातानं शेंगा फोडायचा प्रयत्न करत होती. फुटत नव्हत्या.

"सोमवारी कामाव येतो म्हनून सांगितलंय," ती म्हणाली. "मागच्या बाकड्याव बसीवनार हाईत. फोटो काडलाय काय गं फाटकावरचा?"

"काडला."

मालननं मान हलवली. "हयगय लिवलंय म्हनं. तीस वर्सं झाली, वैनी. एक बी म्हनून सांडली न्हाई मी. हयगय." तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि तिनं ते बँडेजनंच पुसलं.

तेवढ्यात रिद्धी दारात येऊन उभी राहिली. आठ दिवस आई तिच्याशी कामापुरतं बोलत होती. ती आत आली नाही, उंबऱ्यावरूनच बोलली.

"आई, एक सांगायचंय. वाकळ आखूड करायला एक हद्द असते. कडा फार चढवल्या की फुलं एकमेकांवर येतात. आवाज पत्र्यासारखा वाजतो, अक्षरं फाटतात, आणि मग कान त्याला माणूस मानत नाही. म्हणून मी पहिल्यापासूनच तिथं कुलूप घातलंय. चार हाताची वाकळ तीन हातांवर आली की तिच्यापुढं लयसाथ जात नाही."

सुगंधाला आकडे कळत नव्हते, पण वाकळ कळत होती. आयुष्यभर तिनं शिवल्या होत्या.

"म्हंजे मुळातच तीन हाताची वाकळ मी चार हाताची शिवली तर?"

"तर ते कितीही आखूड करू देत," रिद्धी म्हणाली, "शेवटी ती जेवढी असायला पाहिजे तेवढीच होईल."

मग सुगंधा उठली आणि मालनच्या पुढ्यात जाऊन बसली.

"वन्सं, सोमवारी मागं बसायचं न्हाई. मधी बसायचं."

मालनला समजायला क्षणभर लागला आणि समजल्यावर ती पेटली. "मी मधी? माज्या हाताकडं बगून लोकं अदमास घेत हुती काम किती हुतंय त्याचा. मी काय गंगू म्हातारी हाय व्हय मधी उभारायला?"

"गंगू म्हातारी मधी हुती म्हनून आपल्या कुनाची कंबर मोडली न्हाई," सुगंधा म्हणाली. "आता तुमची पाळी हाय. उद्या माजी यील. मला आकडं न्हाई जमत, मला तुमचा हात दिसाय पायजे."

मालननं डाव्या हातानं एक शेंग उचलली आणि परत टाकली. मग म्हणाली, "बसतो. पन कुनी कीव केली तर उठून जाईन."

सुगंधानं इंगवलेंना होकार कळवला आणि एकच अट घातली. गाणं घरात म्हणणार नाही. शेडमध्ये, पंप बंद करून, सगळ्या बायका आपापल्या जागी काम करत असताना म्हणणार. साहेबाला अट गोड वाटली. असलं गाणं आणखीच चांगलं ओढेल, असं तो म्हणाला.

सोमवारी पंप थांबले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये शांतता झाली. इतकी की बायका एकमेकींकडं बघून लाजल्या. कानटोप्या गळ्यात लोंबत होत्या. मालन बरोब्बर मधल्या बाकड्यावर बसली होती, बँडेजचा हात दांड्यावर. रिद्धीनं आईच्या पुढं मायक्रोफोन ठेवला. दोघींची नजरानजर झाली. सुगंधानं मालनच्या हाताकडं बघितलं आणि ओळ धरली.

मालनचा हात हळू चालत होता. फार हळू. दांडा खाली यायचा, थरथरायचा, थांबायचा, वर जायचा. तेवढा वेळ एक अक्षर पेलायचं म्हणजे छातीचा भाता फुटायची पाळी. 'हाती गं' मधला 'गं' सुगंधानं इतका लांबवला की तिच्या कपाळावर घाम आला. पहिल्या कडव्यात बायकांचे हात पुढं पळाले, चुकले, अडखळले. दुसऱ्यात कुणीतरी मालनकडं बघितलं, मग शेजारणीनं बघितलं. चौथ्या कडव्याला चाळीस दांडे एकदम खाली आले आणि लाकडी जमीन हादरली. चौथी ओळ संपली. विसावा. सुगंधानं श्वास घेतला, मोठा, घशातून आवाज करत, लपवला नाही.

त्या दिवशी रिद्धीनं मुद्रण साफ केलं नाही. श्वास होता तसा ठेवला. आईला सांगितलं नाही, आईनं विचारलंही नाही. पण रात्रीच्या जेवणाला सुगंधानं पहिली भाकरी तिच्या ताटात घातली.

नवं गाणं टोप्यांत वाजायला लागलं. इंगवले खूश होता. गाणं गोड होतं, गंभीर होतं, असलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. ते मुळात किती हळू आहे हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यानं कधी रोप लावलं नव्हतं. लयसाथनं आपलं काम सुरू केलं. या वेळी सावकाश नाही, रोज मोठा घास घेत. केसभर पुढं, आणखी केसभर पुढं. आकडा रोज चढतोय, एवढंच साहेबाला दिसत होतं. तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, सगळ्यांची वाकळ कुलपापर्यंत येऊन थांबली. आणि हात लावणीच्या चालीनं चालत होते. ना कमी ना जास्त. माणसाचा हात दिवसभर चालून संध्याकाळी पुन्हा भाकरी थापू शकेल, असे.

दुपारी साहेब टॅबलेट घेऊन शेडमध्ये आला. सुगंधाजवळ येऊन त्यानं तिला टोपी काढायची खूण केली आणि पंपांच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "सुगंधाताई, गाणं हळू म्हटलंय तुम्ही."

"मधली बगून म्हनलोय," तीही ओरडून म्हणाली. "तशीच रीत हाय."

"असं नाही चालणार. वरून विचारतात. पुन्हा म्हणा, नीट."

"मशीन हाय की तुमचं. वडा की किती वडायचं ते."

त्याचा चेहरा उतरला. तो रिद्धीकडं वळला. ती भिंतीशी, यंत्राच्या कपाटापाशी उभी होती.

"ती हद्द काढ."

"आवाज फाटेल, सर."

"फाटू दे."

रिद्धीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि ती कपाटापासून बाजूला झाली. "मी नाही काढणार. तुम्ही काढा."

त्यानं काढली. टॅबलेटवर बोट फिरवलं आणि काटा पुढं सारला. चाळीस जणींच्या कानांत सुगंधाचा गळा पत्र्याचा डबा झाला. शब्द एकमेकांवर चढले, श्वासाच्या जागी खरखर उमटली, विसावा टिचकीएवढा झाला. एकीनं तोंड वाकडं करून टोपी काढली. शेजारणीनं काढली. मग पलीकडच्या बाकड्यावर, मग त्याच्या मागं. बायकांनी टोप्या दांड्यांना अडकवल्या आणि सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. पंप घोंघावत होते. त्या घोंघाटात आपला आवाज चार बाकडीही जाणार नाही, हे सुगंधाला कळत होतं.

तिनं मालनकडं बघितलं. मालननं बँडेजचा हात उचलला, दांडा ओढला आणि त्याच वेळी टाच जमिनीवर आपटली. फळ्यांतून ती टाच सगळ्यांच्या पायांना कळली. ऐकू आली नाही, कळली. दुसऱ्या घावाला सुगंधाची टाच तिच्या टाचेत मिसळली. तिसऱ्याला दहा जणींची. सुगंधानं ओळ धरली. जिला ऐकू आली तिनं झील धरली, जिला नाही आली तिनं ओठ वाचले, आणि चाळीस दांडे मालनच्या हातानं खाली-वर व्हायला लागले. मालन रडत होती आणि तिचा हात जराही चुकत नव्हता. कुणी कीव करत नव्हतं. सगळ्या तिच्या मागं चालल्या होत्या.

चौथी ओळ आली. संपली. चाळीस दांडे एकदम वर थांबले, चाळीस कंबरा सरळ झाल्या. साहेबाच्या हातातल्या टॅबलेटवर सगळे आकडे शून्य झाले.

"का थांबलाय?" तो ओरडला. "काय झालं? का थांबलाय सगळ्या?"

सुगंधानं त्याच्याकडं बघितलं.

"श्वास घ्यायला," ती म्हणाली, आणि पुरता घेतला.